खराब दिसण्याचे शब्द

महनूर आपाच्या शिकवणीत आधी 'सुप्रभात', 'जेवलात का', 'पाणी देऊ का' एवढंच असायचं. मग भांडी, भाज्या, औषधांच्या वेळा. आणि हे सगळं पाठ झालं की एक दिवस आपा जिन्याचं दार लावून घ्यायची, पंखा बंद करायची, कारण पंख्याच्या आवाजात शब्दांचे सूर नीट ऐकू येत नाहीत, आणि म्हणायची, "आज खराब लफ्ज."

मलकापुरात स्टेशनच्या बाजूला तिच्या भावाचं, बद्रुद्दीनभाईंचं, गाद्यांचं दुकान होतं. खाली कापूस पिंजायची मशीन, वर ही खोली. आपा आठ वर्षं हाँगकाँगला एका घरात कामाला होती. तिथली चिनी भाषा, जिला कँटनीज म्हणतात आणि जिच्यात सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, ती तिनं तिथल्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उचलली होती. परत आल्यावर तीच भाषा ती तिकडे कामाला जाऊ पाहणाऱ्या बायकांना शिकवायची. त्या दिवशी बाकीच्या दोघी लग्नाला गेल्या होत्या. एकटी जयमाला आली होती. धानोरीहून एसटीनं, डोक्यावरचा पदर डाव्या गालावर ओढून, नेहमीसारखी.

"खराब म्हणजे शिव्या काय, आपा?" तिनं विचारलं.

"शिव्या कायले शिकवू? दिसायले खराब. मॅडम तुह्या कामाकडे पाहून काय म्हनते ते तुले समजलं पाहिजे. गोड बोलनं तर चेहऱ्यावरूनच समजते. हे नाई समजत."

आपानं खोलीतली ट्यूब लावली आणि जयमालाचं तोंड वर करून ट्यूबकडे पाहायला लावलं. जयमालानं डोळे मिटले.

"छी ङान," आपा म्हणाली. "डोयात घुसते ते."

जयमाला हसली. "छी? आपल्या छी सारखं?"

"तसंच. लक्षात राहीन तुह्या."

'ङान' मात्र तिच्या जिभेवर बसेना. ती 'गान' म्हणायची, 'न्यान' म्हणायची. मग एकदम तिला आठवलं, शाळेत क ख ग घ नंतर पाटीवर एक अक्षर काढायचे. बाईंनी सांगितलं होतं की यानं शब्द सुरू होत नाही, नुसतं गिरवा. तिनं बोटानं गादीवर ते गिरवलं आणि म्हटलं, "ङान." आपाला ते अक्षर माहीत नव्हतं, ती उर्दू शाळेत शिकलेली. पण आवाज बरोबर आला म्हणून ती खूश झाली. ङान म्हणजे डोळा. समोरच्या खांबावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स लोंबत होता, तो ङॉय ङान. नजरेला अडथळा करणारा, खुपणारा. कापसाच्या बोंडात गुलाबी अळी निघते, आतली सरकी सडून काळी चिकट झालेली असते, तसलं काही दिसलं तर वत-तत. ओंगळ, किळसवाणं. ज्याची भीती वाटावी ते तक यन केंग.

"आनि हा पाह्य, हा मोठा लफ्ज हाये," आपा म्हणाली. "ङान युन. युन म्हनजे जुलूम. कोनावर नाहक अन्याय झाला तर त्याले युन म्हनतात. डोयावर जुलूम. इतकं खराब की डोये म्हनतात, आमी काय गुन्हा केला होता?"

 जयमालानं तो शब्द दोनदा हळू म्हटला.

"अजून एक हाये," आपा म्हणाली आणि खिडकीतून बाहेर पाहू लागली. "युक स्युन. युक म्हनजे मांस, स्युन म्हनजे आंबट. खाटकाकडचं मांस आंबून गेलं आन् ते पाहून आपल्याच अंगावर काटा येते ना, तसं. विद्रूप. कुरूप. तिकडे हा लफ्ज लय चालते. पडदा वाकडा लावला तरी युक स्युन, नखं नाई कापली तरी युक स्युन."

एवढं बोलताना तिनं जयमालाकडे पाहिलं नाही. जयमालाला ते कळलं. दोन वर्षांत तिला असलं न पाहणं ओळखता येऊ लागलं होतं.

दोन वर्षांपूर्वी धानोरीत पहिल्यांदा चोर बीटी, म्हणजे कपाशीचं बेकायदा बियाणं, आलं होतं. पाकिटावर ना कंपनीचं नाव, ना दुकानदार पावती द्यायचा, पण त्याच्या पऱ्हाटीवर, कपाशीच्या झाडांवर, तणाचं औषध मारलं तरी पऱ्हाटी जळत नाही, नुसतं तण जळतं, असं सगळे सांगत होते. निंदणाला बाई मिळत नव्हती. जयमालाच्या नवऱ्यानं, शालिग्रामनं, चार एकरांत तीच लावली. औषधाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलेलं. शालिग्रामनं डबा दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला आणि जयमालानं विळ्याच्या टोकानं झाकण उचकलं. ते एकदम सुटलं. हिरवं औषध उसळून तिच्या डाव्या गालावर, मानेवर आलं. तिनं पदरानं पुसलं. विहीर बांधाच्या पलीकडे होती आणि फवारणीचा पंप भाड्यानं आणलेला, म्हणून ती आधी काम उरकायला लागली. दुपारपर्यंत कातडी ओली झाली, संध्याकाळी सुटू लागली. डोळा वाचला. पण भुवई गेली, ओठाचा कोपरा वर ओढला गेला, आणि गालापासून गळ्यापर्यंतचं कातडं काळंजांभळं, सुरकुतलेलं, जागोजागी चकाकणारं असं राहिलं.

त्यानंतर गावात तिच्या तोंडाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. 'ते झालं ना', एवढंच म्हणायचे. सासू मनकर्णाबाईनं घरातला आरसा धुवायला म्हणून काढला तो परत लावलाच नाही. मागच्या हंगामात गुलाबी अळीनं सगळ्या शिवाराची बोंडं पोखरली, आणि घरातून कोणीतरी कमवायला बाहेर पडायला हवं हे ठरलं, तेव्हा जयमाला म्हणाली, मी जाते. ती बारावी शिकलेली होती. सासऱ्यांना लकवा झाला होता तेव्हा त्यांचं सगळं तिनंच केलं होतं. म्हाताऱ्या माणसांचं करायचं तर तिला भीती नव्हती.

तिकडे बायका कामाला लावणाऱ्या एजन्सीला पाठवायचा फोटो आपानं उजव्या बाजूनं काढला होता.

हाँगकाँगच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल खराब लफ्जांच्या शिकवणीनंतरच्या आठवड्यात आला. आपानं तयारी केली होती. जयमालाला खिडकीच्या अशा बाजूला बसवलं की उजेड उजव्या गालावर पडावा. पदर डाव्या बाजूनं खाली घेऊन खांद्यापाशी पिन लावली. "तिकडच्यांना वाटते हा आपला रिवाज हाये. वाटू दे. आन् एक ध्यानात ठेव. ते लोक आपसात त्यांच्या भाषेत बोलतीन. तू समजून घे, पन समजलं असं दाखवू नको. कानात ठेव, जबानवर आनू नको."

फोनवर दोन चौकटी उघडल्या. एकीत एजन्सीची बाई, दुसरीत लाम मॅडम, चाळिशीच्या, आखूड केसांच्या, डोळ्यांखाली झोप नसल्याची काळोखी. मॅडमच्या आईला पक्षाघात झाला होता, तिचं करायचं होतं. प्रश्न सोप्या इंग्रजीत होते. जयमालानं घोकलेली उत्तरं दिली. सासऱ्यांचं सांगितलं. मॅडम मान डोलवत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडत होता.

मग मॅडम म्हणाल्या, झोपलेल्या माणसाला उठवून कसं बसवशील ते करून दाखव.

हे घोकलेलं नव्हतं, पण येत होतं. आपा गादीवर आडवी झाली. फोन खिडकीत टेकवलेला. जयमाला वाकली, एक हात आपाच्या मानेखाली, दुसरा गुडघ्यांखाली, आणि लकवा झालेल्या माणसाला जसं एका दमात, न दुखवता वळवून बसतं करतात तसं तिनं आपाला बसतं केलं. छान झालं. तिला स्वतःलाही कळलं की छान झालं. ती हसून फोनकडे वळली.

पिन सुटली होती. पदर खांद्यावर पडला होता. उजेड सगळा डाव्या बाजूवर.

मॅडम मागे सरकल्या. खुर्चीचा आवाज झाला. मग त्या एजन्सीच्या बाईशी त्यांच्या भाषेत भरभर बोलू लागल्या. त्या सरीतून जयमालाच्या कानावर ओळखीचे खडे आपटले.

"खुई फाय मिन… होऊ युक स्युन." तिचा चेहरा. फार युक स्युन. मग, "फो फो वुई केंग." आजी घाबरेल.

 आजवर हे जयमालाला कोणी म्हटलं नव्हतं. बाजारात पोरं वळून पाहायची, बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसायची, पण तोंडानं कोणी म्हटलं नव्हतं. आणि आता हजारो कोसांवरची एक अनोळखी बाई ते म्हणत होती, आणि ज्या शब्दात म्हणत होती तो शब्द तिनं आठ दिवसांपूर्वी बसचं भाडं देऊन येऊन, वहीत उतरवून, पाठ केला होता. आंबलेलं मांस.

आपा मागून तिचा पदर ओढत होती. "झाक. झाक लवकर."

जयमालानं पदर झाकला नाही. ती फोनजवळ गेली.

"थाय थाय," ती म्हणाली. बाईसाहेब. मॅडमचं बोलणं तुटलं. "ङो थेंग तक मिंग." मला समजतं.

एजन्सीची बाई पडद्याजवळ सरकली.

"हाय," जयमाला म्हणाली. त्या भाषेत होय असं म्हणायचं तर हाय म्हणतात, तिला ते पहिल्या दिवशीच आवडलं होतं, आपल्या 'हाये' सारखं. "हाय. होऊ युक स्युन. म थुंग." होय, फार विद्रूप आहे. दुखत नाही.

लाम मॅडमनी तोंडावर हात ठेवला.  एजन्सीची बाई काहीतरी म्हणू लागली, आणि कॉल बंद झाला.

खाली पिंजायची मशीन चालू झाली. आपा गादीवर तशीच बसून होती.

"जवाब काऊन देला तू?" ती अखेर म्हणाली.  "काय सांगतलं होतं म्या तुले? आठ वर्स म्या त्या घरात ऐकलं. काळी म्हनाले, वास येते म्हनाले. माह्या समोर, माह्याच हातचं जेवता जेवता. म्या कधी पापनी हलू देली नाई. रात्री गुसलखान्यात नळ सोडून रडायची. आन् तू एका मिनटात…"

"आपा, त्याच्यानं तुमचं काय भलं झालं?"

आपानं असं पाहिलं जसं कोणी तिच्या तोंडात मारली असावी. मग ती उठली आणि पंखा लावला. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

जयमाला घरी आली तेव्हा शालिग्राम ओट्यावर बसून दोरी वळत होता. मनकर्णाबाई आत चुलीपाशी. जयमाला चप्पल न काढता त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं डोक्यावरून पदर काढला.

"माह्याकडे पाह्य."

त्यानं दोरीकडे पाहिलं. "काय झालं? कोनी काही म्हटलं काय?"

"माह्या तोंडाकडे पाह्य आन् सांग, कसं दिसते."

"येडी झाली काय तू?"

"आज त्या बाईनं सांगतलं. सडेल मांसासारखं दिसते म्हने."

शालिग्राम ताडकन उठला. "कोन ती? कोन लागून गेली? तिले काय अधिकार—"

"ती खोटं नाई बोलली. जसं दिसलं तसं बोलली. तू दोन वर्सांत काय बोलला ते सांग. दोन वर्सं झाले, माह्या ह्या बाजूनं तू बसला नाई. ताट वाढलं तरी खाली पाहून घेते. मले काय समजत नाई? तुले माही किळस येते. येते तर येते म्हन."

आत भांड्याचा आवाज थांबला.

शालिग्रामच्या हातातली दोरी सुटली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, थेट, डाव्या गालाकडे.  जयमालानं त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. सासऱ्यांना जाळून आला होता तेव्हाही नाही.

"किळस?" तो म्हणाला. "अवं, मले तुह्यं तोंड दिसतच नाई. पाहाले गेलो की तो डबा दिसते. माह्या गुडघ्यातला. इतका आवळून धरला होता म्या. इतका कायले धरला होता? रोज पाहाले जातो आन् रोज तेच."

जयमाला खाली ओट्यावर बसली. दोन वर्षं तिनं मनात एक गोष्ट पक्की धरून ठेवली होती, तिच्यावरच सगळे दिवस काढले होते, आणि ती गोष्ट तशी नव्हतीच. तिला राग यावा की रडू यावं हे कळेना. "मंग सांगतलं काऊन नाई?" ती एवढंच म्हणाली.

"तू बी कोठी विचारलं?"

मनकर्णाबाई दारात येऊन उभी होती.  त्याच संध्याकाळी तिनं कणगीमागून आरसा काढला आणि पुसून खुंटीला टांगला. जयमालानं कितीतरी वेळ त्यात पाहिलं. पाहताना तिला धक्का बसला. मनात तिनं जे धरलं होतं त्यापेक्षा ते वाईट होतं. आणि तरीही ते तिचंच तोंड होतं, नाकाखालचा तीळ जागच्या जागी होता.

मलकापूरची शिकवणी तिनं सोडल्यातच जमा होती. पण एका दुपारी दारात ऑटो थांबला आणि त्यातून बुरखा सावरत महनूर आपा उतरली. आपा कधी कोणाच्या गावी जात नसे. तिनं पाणीही घेतलं नाही.

"ती लाम मॅडम," ती धापा टाकत म्हणाली. "तिनं एजन्सीले सोडून माह्या नंबरवर फोन लावला. तुह्याशी बोलाचं म्हनते. म्या म्हटलं, काय बोलाचं ते तिच्या घरी जाऊनच बोलू. तुह्या मागून सांगनार नाई मी काही."

अंगणात बाजेवर बसून कॉल लावला. शालिग्राम आणि मनकर्णाबाई मागे उभे राहिले. जयमालानं पदर घेतला नव्हता.

मॅडम एकट्या होत्या. त्या आधी "तुई म च्यू" म्हणाल्या, माफ कर. मान खाली घालून पुन्हा म्हणाल्या. मग हळू, सुटे सुटे शब्द करत त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "तुझ्या चेहऱ्याला काय झालं?"

जयमालानं आपाकडे पाहिलं. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि गावाबाहेरचे विचारत नव्हते. उत्तर कुठून सुरू करावं? पऱ्हाटी म्हणायला शब्द नव्हता. पण कापूस येत होता. खोलीखालच्या गाद्यांच्या दुकानामुळे आपानं तो पहिल्याच आठवड्यात शिकवला होता.

"मिन फा," जयमाला म्हणाली. कापूस.

मॅडमनी मान हलवली. "हाय, मिन फा." मग पुन्हा तोच प्रश्न, कशानं?

"मिन फा," जयमाला जोरात म्हणाली.

"हो, ते दिसतंय मला," मॅडम गोंधळून म्हणाल्या. "पण कशामुळे?"

"मिन फा! मिन फा!" जयमाला रडकुंडीला आली.

आपानं कपाळावर हात मारला. "थांब, थांब. तू चूक सूर लावून राह्यली." ती फोनकडे वळून मॅडमशी भराभर बोलली, मग जयमालाकडे वळली. बोलायच्या आधी ती जराशी थबकली. "ऐक. कापसाचा 'मिन' खाली घसरते. विहिरीत बादली सोडल्यासारखा. तू सपाट बोलून राह्यली. सपाट 'मिन' म्हनजे तोंड. आन् 'फा' म्हनजे फूल, पन खराब झालेलं, ओरखडलेलं, त्यालेबी 'फा'च म्हनतात. तू तिले सांगून राह्यली का माह्यं तोंड बिघडलं, तोंड बिघडलं. ती म्हनते, दिसते मले."

 शालिग्रामनं आपाला पुन्हा सांगायला लावलं. तिनं दोन्ही सुरांत म्हणून दाखवलं. एक घसरता, एक सपाट. कापूस. बिघडलेलं तोंड.

"हे अशे एकच शब्द कोनी ठेवले?" मनकर्णाबाईनं विचारलं. तिच्या अंगावर काटा आला होता, ती दंडावरून हात फिरवत होती.

जयमाला फोनकडे पाहत बसली. मग तिनं घसरता सूर लावून म्हटलं, मिन फा. कापूस. आणि पुढचं सगळं तिनं आपल्या बोलीत सांगितलं, आपानं त्यांच्या भाषेत. चोर बीटी, तण, डब्याचं झाकण, विळा. गुडघ्यांत आवळलेल्या डब्यापाशी ती आली तेव्हा शालिग्राम पुढे झाला आणि म्हणाला, "तो मी होतो. सांगा तिले. डबा म्या धरेल होता." आपानं तेही सांगितलं.

मॅडमनी आपल्या अंगातल्या सुती सदऱ्याची बाही बोटांत चुरली. मग म्हणाल्या, "याआधी दोन बायका ठेवल्या. आईला काय हवं ते त्यांना कळत नव्हतं, आणि कळलं नाही हे त्या सांगत नव्हत्या. प्रत्येक गोष्टीला हसून मान डोलवायच्या. तू समजलं म्हणून सांगितलंस. मला तशी बाई हवी आहे. पण आई घाबरेल, हे मी खोटं नव्हते बोलले."

"मंग दाखवा त्याहिले," जयमाला म्हणाली.

मॅडमनी फोन पलंगाकडे नेला. उशीला टेकलेली, तोंड एका बाजूला वाकडं झालेली एक बारीकशी म्हातारी. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि किंचाळून चांगल्या हातानं डोळे झाकले. मग बोटांच्या फटीतून पुन्हा पाहिलं.

"वत-तत!" म्हातारी म्हणाली.

जयमालाला हसू आलं. इतक्या दिवसांनी आलं की तिलाच दचकल्यासारखं झालं. "हाय, फो फो," ती म्हणाली. "वत-तत."

म्हातारीनं डोळ्यांवरचा हात काढला. आपण बोललो ते त्या भयंकर तोंडाला समजलं, याचाच तिला जास्त धक्का बसलेला दिसत होता. ती मुलीला काहीतरी विचारू लागली. तिचं अर्धं वाकडं बोलणं कोणालाच कळलं नाही, मॅडमलाही नाही.

मॅडम म्हणाल्या, रोज थोडा वेळ फोन करत जाऊ. काही दिवस म्हातारी तोंड फिरवायची, एकदा रडली, एकदा चमचा फेकून मारला. मग फोन यायला उशीर झाला की तीच कुरकुरू लागली. कागदपत्रांत उन्हाळा गेला. आषाढात, शेतात पुन्हा पऱ्हाटी गुडघ्याला आलेली असताना, जयमाला निघाली. मलकापूरला तिला गाडीत बसवायला शालिग्राम आला होता आणि महनूर आपाही. आपानं तिला डब्यात शेवया दिल्या आणि म्हणाली, "मले बी एकदा त्या घरातल्याहिशी बोलाचं होतं गं असं." मग लगेच सामानाकडे पाहायला लागली.

गाडी सुटली. समोरच्या बाकावर एक लुगड्यातली बाई होती, अकोल्याकडची, मुलीकडे नाशिकला निघालेली. जयमालाचा पदर वाऱ्यानं उडाला तशी तिनं पाहिलं, आणि चटकन नजर खिडकीबाहेर नेली.

"पाहा ना बाई," जयमाला म्हणाली. "चांगलं पाहून घ्या. तनाचं औषध उडालं होतं तोंडावर."

बाईची नजर वळली. "तनाचं? पऱ्हाटीवर मारतात ते?"

"हाव. चोर बीटीवर."

"हिरवं असते ते? पांढऱ्या डब्यात?"

"हाव. झाकन पक्कं बसते त्याचं."

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती जयमालाच्या गालाकडे पाहत होती, आता नजर न हलवता, भुवईच्या जागेपासून गळ्यापर्यंत. "आमचे मालक आज तेच मारून राह्यले," ती म्हणाली. "सकायी डबा माह्याच हातानं देला त्याहिले." तिचे हात पिशवीत चाचपडू लागले. फोन सापडला, तिच्या हातून खाली पडला, जयमालानं उचलून दिला. नंबर लागेना. बाईनं पुन्हा लावला. गाडीनं वेग घेतला होता, बाहेर हिरवी शेतं मागे पळत होती, आणि त्यांत कुठे कुठे पाठीवर पंप घेतलेली माणसं वाकून चालत होती. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला तशी बाई उठून उभी राहिली आणि सगळा डबा वळून पाहील इतक्या मोठ्यानं ओरडली, "अवो, थांबा! हात लावू नोका त्याले! पह्यले पानी घ्या जवय, मंग डबा उघडा… काय? उघडला? कोनं उघडला?"